तुझा गुडघा आणि यमुनेच्या गोळ्या

नांदुरा, दसऱ्यानंतरचा मंगळवार

तीर्थरूप आई,

आज दुपारी तुझ्या सुनेनं, यमुनेनं, रांजणाला गाल लावला, म्हणून तुला लिहायला बसलो.

तुझाच रांजण. ओसरीच्या कोपऱ्यात अर्धा पुरलेला, तू होतीस तेव्हा होता तिथंच. जेवणं झाली. सुशीला, म्हणजे तुझी नातसून (तू तिला पाहिलं नाहीस), भांडी घेऊन अंगणात गेली. यमुना उठली, रांजणापाशी उकिडवी बसली आणि डावा गाल त्या ओलसर मातीला टेकवून तिनं डोळे मिटले. गळ्यावरून घामाचे ओघळ चालले होते. आश्विनातलं ऊन कडक असतं हे मान्य, पण हा घाम उन्हाचा नव्हता.

पान तोंडात घालता घालता माझा हात थांबला. असं बसलेलं माणूस या घरात मी याआधी एकच पाहिलंय. तुला! आठवतं? मी तेव्हा कापसाच्या जिनात यंत्रांना तेल घालणारा नवा नवा ऑइलमन होतो. कपडे काळे करून घरी आलो तर तू रांजणाला बिलगून बसलेली. मी हसलो होतो. "माय, रांजण कायले कुरवाळून राह्यली वं?" तू डोळे न उघडता म्हणालीस, "तुले काय करायचं बे? जाय, तुही मशीन पाह्य."

मी गेलो, मशीन पाहिलं. आजवर तेच पाहत आलो.

तुला हसू येईल. घरात 'मले-तुले' करणारा नाऱ्या कागदावर एवढा शुद्ध कसा झाला? आई, तुझा मुलगा चौथी पास आहे, पण शब्दकोश मांडीवर घेऊन इंजिनाचं जाडजूड इंग्रजी पुस्तक त्यानं पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलंय. बॉयलरच्या परीक्षेचा दाखला भिंतीवर टांगलाय, त्यावर मध्यप्रांत आणि वऱ्हाड सरकारचा शिक्का आहे. आता मी हेड मिस्त्री आहे. जिनाचे मालकसुद्धा मला विचारल्याशिवाय यंत्राचा पट्टा बदलत नाहीत. हे तुला सांगायचं राहून गेलं होतं, म्हणून सांगितलं. लिहायला बसलोय ते मात्र त्यासाठी नाही. लिहायला बसलोय कारण मला भीती वाटतेय आणि ती सांगायला घरात दुसरं कुणी नाही.

यमुनेची पाळी जाऊन दोन वर्षं होऊन गेली. असं मी तुझ्याशी कधी बोललो असतो का? तू पदर तोंडाला लावून आत गेली असतीस. पण आता ऐक, कारण सगळं तिथूनच सुरू होतं.

पाळी गेल्यावर यमुना आधी खूश होती. आता कोपऱ्यात बसणं नाही, लोणच्याच्या बरणीला हात लावताना दिवस मोजणं नाही. नवरात्रात घटाला पाणी घालायचं तुझं काम पूर्णपणे तिचं झालं. मधे कितीतरी वर्षं तिला ते अर्ध्यावर दुसऱ्याच्या हाती द्यावं लागायचं. "आता देवीनं मले मोकळं केलं," म्हणायची.

मग पौषात, माणसं शेकोटीभोवती बसलेली असताना, ती गोधडी फेकून ओट्यावर जाऊन बसू लागली. पदर भिजवून मानेवर घ्यायची. चेहरा लाल व्हायचा, छाती धडधडायची, झोप तर नाहीच. एकदा भाकर जरा करपली म्हणून सुशीलेला इतकं बोलली की ती पोर चुलीपुढून उठून गेली. आणि थोड्याच वेळात हीच गोठ्यामागे जाऊन रडत होती. मी विचारलं, "काय झालं?" तर म्हणाली, "मले काय माहीत! माह्या आंगात कोणी दुसरीच येऊन बसली असं वाटते."

हे शेजारच्या गोदाकाकूनं ऐकलं. मग काय! तुझी गोदी, आई, अजून तश्शीच आहे, फक्त दात गेलेत. लिंबू उतरवलं, मिरच्या जाळल्या, घरभर ठसका. "देवीचं काही तरी राह्यलं असन," म्हणाली. "तुह्या सासूलेही असंच होत होतं. म्या तेव्हाच सांगतलं होतं."

मला ते पटलं नाही. कारणाशिवाय बॉयलर तापत नाही. वाफ वाढली तर पाण्याची पातळी पाहा, व्हॉल्व्ह पाहा, मिरच्या काय जाळता? जिनाचे पट्टे आणायला मी अकोल्याला निघालो होतो, तेव्हा यमुनेलाही बरोबर घेतलं आणि बायांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंना दाखवलं.

बाई नागपूरला शिकलेल्या. बोलणं मऊ, पण एक शब्द वाया घालवत नाहीत, ते मला आवडलं. त्यांनी मला बाहेर बसवायला पाहिलं. मी म्हणालो, "बाई, मला समजल्याशिवाय मी कोणत्याही यंत्राला हात लावू देत नाही." त्या म्हणाल्या, "बाई म्हणजे यंत्र नव्हे, मिस्त्री. पण बसा."

त्यांनी जे सांगितलं ते मी जसंच्या तसं लिहितो, कारण हे तुला कुणीच कधी सांगितलं नाही. बाईच्या पोटात गर्भाशयाच्या दोन्ही बाजूंना दोन ग्रंथी असतात. त्या एक रस तयार करतात आणि तो रस सरळ रक्तात जातो. पाळी येणं, पोर होणं, सगळ्यामागे तो रस. वय झालं की त्या ग्रंथी काम बंद करतात. हा आजार नव्हे, हे तर निसर्गानंच ठरवलेलं. पण शरीराला इतकी वर्षं त्या रसाची सवय झालेली असते. एकाएकी तो आटला की शरीर भांबावतं. गरम वाफा येतात, घाम सुटतो, झोप उडते, जीव घाबरा होतो, चीड येते. काही बायांना कळतही नाही कधी गेलं ते. काहींना वर्षानुवर्षं छळतं.

"मग उपाय?" मी विचारलं.

"तोच रस बाहेरून थोडाथोडा द्यायचा. आता त्याच्या गोळ्या निघाल्यात. त्रास आवरण्यापुरत्याच घ्यायच्या, मग हळूहळू कमी करत बंद करायच्या. तरुण होण्याचं औषध नव्हे हे, जन्मभर घेण्याचंही नव्हे. प्रत्येक बाईला द्यावं असंही नाही."

मी म्हणालो, "म्हणजे बेअरिंगातलं तेल संपलं, वरून घातलं."

"नाही. तेल घातलं म्हणून बेअरिंग बदलत नाही. या गोळ्यांनी गर्भाशयाचं आतलं अस्तर जाड होऊ शकतं. म्हणून मनानं जास्त घ्यायच्या नाहीत, मनानं थांबवायच्या नाहीत. आणि एक नियम ध्यानात ठेवा. पाळी गेलेल्या बाईला अंगावरून पुन्हा थोडंसुद्धा गेलं, गोळ्या चालू असोत की नसोत, तर आधी माझ्याकडे यायचं. घरी बसून अंदाज करायचा नाही."

हा नियम मी यमुनेकडून परत म्हणवून घेतला. तिनं मान खाली घालून म्हटला.

आणि आई, गोळ्या लागू पडल्या! उन्हाळ्याच्या तोंडावर सुरू केल्या, पावसाळा लागेस्तोवर यमुना रात्रभर झोपू लागली. यमुना तुला म्हणायची तसंच सुशीलाही सासूला मामीच म्हणते; ती एक दिवस मला हळूच म्हणाली, "मामंजी, मामी पहिल्यासारख्या झाल्या." गोदाकाकूला मात्र पटेना. "म्हातारपणी कायच्या गोया वं यमुने? पुन्हा पाळणा हालवा लागते का काय?" यमुना तडक म्हणाली, "हालवीन, काकू. पह्यले तुमालेच त्यात निजवीन!" घर हसलं. कितीतरी दिवसांनी हसलं.

गोळ्यांच्या बाटलीला मी कागदाची पट्टी चिकटवली होती. इंजिनाच्या तेलाच्या कपाला असते तशी. गोळ्या कुठवर आल्या, ते दर रविवारी पट्टीवर शिसपेनीनं खूण करून पाहायचं. यमुना हसायची, "मले बी आता ऑइलमन ठेवला का?"

इथवर सगळं ठीक होतं. मग मी शहाणपणा केला.

शेगावच्या बाजारात रद्दीवाल्याकडे मला जुन्या इंग्रजी वैद्यकीय मासिकांचा गठ्ठा मिळाला होता. मी सोडतो थोडाच? रोज जिनातून आलो की एक-एक पान अर्थ लावून वाचायचो. भाद्रपदात एकदा जेवताना मी मोठ्या ऐटीत सांगितलं, की विलायतेत हाच रस गाभण घोडीच्या मुतातून काढतात. सुशीलेच्या हातातला घास ताटात पडला. यमुना माझ्याकडे पाहतच राहिली. मी पुढे सांगणार होतो की आपल्या गोळ्या तशा नाहीत, त्या कारखान्यात रसायनापासून बनवलेल्या आहेत, घोडीचा आणि त्यांचा काही संबंध नाही. पण तेवढ्यात जिनाचा चौकीदार आला, पंपात बिघाड झाला होता, आणि मी उठलो. अर्धंच सांगून उठलो, आई. आणि उरलेलं अर्धं सांगायचंय हे माझ्या डोक्यातूनच गेलं.

घटस्थापना झाली. यमुनेचे नऊ दिवसांचे उपास, तुझ्यासारखेच कडक. दूध, फळं, पाणी, बस्स. मातीत गहू पेरले, घट मांडला, अखंड दिवा लागला. रोज आंघोळ करून ओल्या पातळानं ती घटाला पाणी घालायची आणि झेंडूची माळ चढवायची. अंकुर चांगले तरारले होते. मी मात्र जिनातच होतो. दिवाळीच्या आधी कापूस यायला लागतो, त्याआधी इंजिन उघडून साफ करायचं असतं.

अष्टमीला घरी आलो तर घटाला पाणी घालत होती सुशीला.

"काऊन वं? तुही मामी कुठे?"

"मामीचा गुडघा दुखून राह्यला."

आई, ते वाक्य कानावर पडलं आणि मी उंबऱ्यातच अडखळलो. का ते तेव्हा कळलं नाही. एवढंच वाटलं, हे वाक्य मी याच ओसरीत, याच घटापुढे, कुणाच्या तरी तोंडून ऐकलंय. आणि मग दुसरी गोष्ट लक्षात आली. सकाळीच मी यमुनेला धान्याच्या कोठीवर चढून डाळ काढताना पाहिलं होतं. दुखरा गुडघा घेऊन?

मी आधी तिच्याकडे गेलो नाही. मिस्त्रीची खोड! आधी बाटलीकडे गेलो. पट्टीवरची शेवटची, घटस्थापनेच्या रविवारची खूण आणि गोळ्यांची पातळी एकाच रेषेत होती. घटस्थापनेपासून एक गोळी हलली नव्हती.

यमुना मागच्या खोलीत, पूर्वी विटाळात बसायची तशी पोत्यावर बसलेली. त्या बसण्यावरूनच मला कळायला हवं होतं.

"गोया काऊन बंद केल्या?"

"उपास होता नं." मग पदर सारखा करत, "देवीच्या नऊ दिवसात घोडीचं मूत पोटात घालू का मी? तुमीच तं सांगतलं होतं जेवताना."

माझंच ज्ञान माझ्यापुढे पोत्यावर बसलं होतं.

"अन् गुडघा?"

मग तिनं भिंतीकडे तोंड केलं आणि म्हणाली, "सातव्या माळेपासून अंगावरून जाऊन राह्यलं. देवीनं मोकळं केलं होतं, अन् तिच्याच घटापासून मले पुन्हा उठवलं. दोन दिवस कोणाले कळू देल्लं नाही. आता तुमी गावभर कराल."

"डॉक्टरीणबाईनं काय सांगतलं होतं? तुनंच तं परत म्हटलं होतं!"

"हे नवरात्रात येईन असं त्याईनं थोडीच सांगतलं होतं!"

मी म्हणालो, उद्याच्या गाडीनं निघायचं. ती म्हणाली, दसरा होऊ द्या. गोदाकाकू कुंपणावरून कान लावून होतीच. "नवमीचा घट सोडून कोणी गाडीत बसते का? काय माणूस हायस बे नारायणा! एवढं इंग्रजी शिकून देवीच्याच अंगावर आला!" मी आयुष्यात पहिल्यांदा गोदाकाकूवर ओरडलो, आई. तू असतीस तर मला मुस्काटात दिली असतीस. की नसती दिली? मला आता सांगता येत नाही.

नवमीला सकाळच्या गाडीत बसलो. घट सुशीलेच्या हाती दिला. यमुना खिडकीशी बसून बाहेर पाहत होती. जलंबला खामगावचे उतारू उतरले, डबा मोकळा झाला. ती माझ्याकडे न पाहताच म्हणाली,

"मामीचंही असंच झालं होतं."

"काय?"

"मामी गेल्या त्याच्या आधीच्या नवरात्रात. सातवी का आठवी माळ असन. मले म्हणाल्या, 'यमुने, पाणी तू घाल, घरच्याईले सांग माहा गुडघा दुखून राह्यला.' मी तेव्हा नवी नवरी. त्याईचं पातळ धुवायले गेली, तेव्हा दिसलं. त्याईनं माह्या डोक्यावर हात ठेवून शपथ घातली, 'नाऱ्याले सांगजो नको. म्हाताऱ्या बाईले पुन्हा विटाळ आला म्हणून लोक हसतीन.'"

मग कळलं मला ते वाक्य कुठलं. तुझ्या शेवटच्या नवरात्रात मी घरी आलो, घटापुढे ही होती, कोवळी, डोक्यावरचा पदर सारखा घसरत असलेली. मी विचारलं होतं, "माय कुठे?" आणि तिनं मला सांगितलं होतं, "मामीचा गुडघा दुखून राह्यला." मी काय केलं माहीत आहे? जिनातून एरंडाचं तेल आणून तुला गुडघ्याला चोळायला दिलं! तू ते घेतलंस. चोळलंससुद्धा!

आई, का गं? तुझा गुडघा कधीच दुखत नव्हता. जळगाव-जामोदला, तुझ्या माहेरी, जत्रेला तू चालत जायचीस. मला काही सांगितलं असतंस तर मला कळलं नसतं, हे खरं. तेव्हा मला इंजिनाचासुद्धा अर्धाच भाग कळत होता. पण कुणाला तरी कळलं असतं! अकोल्याला तेव्हाही डॉक्टर होते. तू पिवळी पडत गेलीस, ओटीपोट धरून बसायला लागलीस, वैद्याचे काढे झाले आणि शेवटी आम्ही बैलगाडीत गादी टाकून तुला स्टेशनावर, तिथून अकोल्याला नेलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, गर्भाशयात गाठ आहे, फार पसरली आहे, फार उशीर झाला. पुढच्या नवरात्रात घट बसला नाही. आपल्याला सुतक होतं.

मी इतकी वर्षं समजत होतो की तो आजार तुला एकाएकी झाला. आणि माझ्या शेजारी बसलेल्या माझ्या बायकोला ठाऊक होतं की तो पुरा वर्षभर आधी येऊन दारात उभा होता. तिनं तुझी शपथ पाळली. तुझ्यावर रागवू की तिच्यावर? तिनं माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "मले त्या दिवसापासून हेच भ्या होतं. म्हणून तं लपवलं."

भीती होती म्हणून लपवलं! या वाक्याचा अर्थ मला पूर्वी लागला नसता. आता लागतो. मीही नवव्या माळेच्या दिवशी गाडीत बसून प्रार्थना करत होतो की ही गाडी अकोल्याला पोचूच नये.

डॉक्टरीणबाईंनी तपासलं. गोळ्या कधी थांबल्या ते विचारलं. मी घोडीची गोष्ट सांगितली. त्या हसल्या नाहीत, याचा मला जास्त त्रास झाला. म्हणाल्या, "मिस्त्री, वाचन चांगलं आहे तुमचं. पण अर्धं वाचून दाखवत जाऊ नका." मग यमुनेकडे वळून, "गोळ्या एकदम थांबल्या की वाढलेलं अस्तर सुटून असं जाऊ शकतं. बहुधा हेच झालंय. पण 'बहुधा' म्हणून मी बाईला घरी पाठवत नाही. आत काही वाईट नाही ना, हे पाहायलाच हवं."

मी तुझं सांगितलं. सगळं. घट, गुडघा, गाठ. बाईंनी मला पाणी दिलं. मग म्हणाल्या, "त्या यांच्या सासूबाई ना? मग त्यांचं रक्त तुमच्यात आहे, यांच्यात नाही. सासूचा आजार सुनेकडे येत नाही."

इतकी साधी गोष्ट! मी, जो प्रत्येक नटाला त्याचाच बोल्ट पाहतो, मी हे विसरलो होतो! क्षणभर बरं वाटलं. पण क्षणभरच. तुझा आजार यमुनेकडे येणार नाही, पण तिचा स्वतःचा तर येऊ शकतो.

गुंगी देऊन आतलं अस्तर खरवडून काढलं. बाहेर बाकावर मी दसरा काढला, आई. जिनात त्या वेळी इंजिनाची पूजा असते, झेंडूचा हार मी घालतो, दरवर्षी. या वर्षी कुणी घातला कोण जाणे. अस्तराचा तुकडा बाटलीत घालून नागपूरला पाठवलाय, तिथं सूक्ष्मदर्शकाखाली पाहणार. उत्तर टपालानं येईल. तोवर गोळ्या बंद.

आणि गोळ्या बंद म्हणजे वाफा परत. म्हणून आज रांजण.

आता खरी गोष्ट सांगतो, ज्यासाठी तुला उठवलं. अकोल्याहून निघताना मी डॉक्टरीणबाईंना म्हणालो, "उत्तर काहीही येवो, या गोळ्या मला नकोत." यमुना खाटेवरून म्हणाली, "तुमाले कोण देऊन राह्यलं?"

मी म्हणालो, "यमुने, पुन्हा असं झालं तं?"

"झालं तं सांगीन. त्याच दिवशी सांगीन. पण त्या गोयांनी मले माही झोप वापस देल्ली होती. मी कोणावर ओरडत नव्हती. आरशात पाह्यलं तं मीच दिसत होती, दुसरी कोणी नाही. कागद चांगला आला तं मले त्या पाह्यजेत. वाईट आला तं पाहू."

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, उत्तर स्वच्छ आलं तर कमी मात्रेत पुन्हा सुरू करता येतील, मधेमधे ठरवून थांबवायच्या, दर काही महिन्यांनी दाखवायला यायचं. आणि माझ्याकडे पाहून, "निर्णय यांचा आहे." मला राग आला. खोटं का सांगू? मी या घराचा कर्ता. पण गाडीत विचार करत आलो. वाफ कुणाच्या अंगात चढते? माझ्या नाही. मी फक्त वाफेच्या दाबाचं गेज पाहणारा. गेज पाहणाऱ्याला वाटतं, आग विझवून टाकली की काळजी मिटली. पण आत पाणी ज्याचं उकळतं त्याला विचारायला नको?

तरी भीती जात नाही, आई. पोस्टमन गल्लीत वळला की माझ्या हातातला पाना निसटतो. काल यमुनेनं स्वयंपाकघरातून हाक मारली तर मी धावतच गेलो. तिला फक्त मीठ हवं होतं. तुझ्या वेळी मला माहीत नव्हतं म्हणून मी निवांत होतो. आता माहीत आहे म्हणून झोप नाही. यातलं बरं कोणतं? तू असतीस तर विचारलं असतं. मला घाबरू द्यायचं नाही म्हणून लपवलंस का तू? मग ऐक, मला घाबरवलं असतंस तर बरं झालं असतं. घाबरलो असतो, पण तुला तेव्हाच गाडीत घातलं असतं.

सुशीलेला मी परवा सगळं सांगितलं. रसाचं, गोळ्यांचं, अस्तराचं, तुझंही. लाज वाटली. तिनंही मान वर केली नाही. पण ऐकलं शेवटपर्यंत. मग म्हणाली, "मामंजी, म्हणजे अष्टमीले मी तुमाले खोटं सांगतलं?" मी म्हणालो, "तू नाही वं. ते वाक्य या घरात आधीपासून होतं. तुह्या तोंडी आलं फक्त." या वेळी मी मधेच उठलो नाही. घोडीचं उरलेलं अर्धंही सांगितलं. तिला हसू आवरेना, आणि माजघरातून यमुनेचंही हसणं ऐकू आलं. म्हणजे ती दाराआडून ऐकत होती तर!

हे लिहीत असताना यमुना आता दोनदा येऊन गेली. पहिल्यांदा म्हणाली, "कोणाले लिहून राह्यले?" मी सांगितलं. दुसऱ्यांदा आली ती रांजणातून तांब्या भरायला. भरून झाल्यावर गालाला तांब्या लावून उभी राहिली आणि म्हणाली, "मामीले लिहा, रांजण अजून गार हाय."

लिहिलं.

तुला वाचता येत नव्हतं, म्हणून हे रांजणाशी बसून मोठ्यानं वाचीन. आणि वाचताना हा शब्द देईन. नागपूरचा कागद आला की मी तो एकटा वाचणार नाही. यमुनेपुढे बसून, शब्दकोश मांडीवर घेऊन, ओळन् ओळ तिला मराठीत सांगीन. चांगली असो, वाईट असो, अर्ध्यावर उठणार नाही. कागद चांगला असला आणि तिला गोळ्या हव्या असल्या, तर बाटलीवर पट्टी पुन्हा चिकटवीन, आणि या वेळी उपासाचे दिवस आधी डॉक्टरीणबाईंना विचारून घेईन. वाईट असला, तर पुढच्याच गाडीत बसू, घट असो की दिवाळी. आणि सुशीलेला, आणि तिच्या पोटी जी लेक येईल तिला, ज्या वयात जे व्हायचं ते होवो. पण आई, आपल्या घरात यापुढे कुणाचाही गुडघा उगीच दुखणार नाही.

तुझा,
नाऱ्या